आधी वार न करण्याचं व्रत

भोपाळमध्ये बाईच्या हातातलं रिव्हॉल्व्हर म्हटलं की इथल्या जुन्या माणसांना एकच नाव आठवतं, आबिदा सुलतान. नवाब हमीदुल्ला खानांची थोरली मुलगी, गादीची वारस. घोड्यावर बसणारी, वाघाची शिकार करणारी, पुढे विमानसुद्धा चालवायला शिकलेली. कुरवाईच्या नवाबाशी तिचं लग्न झालं, ते काही टिकलं नाही, आणि तान्ह्या मुलाच्या ताब्यावरून दोन घराण्यांत ओढाताण सुरू झाली. १९३५ साली एका रात्री ही एकवीस वर्षांची आई स्वतः मोटार चालवत कुरवाईला गेली, थेट नवऱ्याच्या खोलीत शिरली आणि आपलं भरलेलं रिव्हॉल्व्हर तिनं त्याच्यापुढे टाकलं. मुलगा हवा असेल तर आधी मला मार, नाहीतर मी तुला मारते, अशा अर्थाचं ती बोलली. नवऱ्याची बोबडी वळली. मुलगा आईकडेच राहिला. तो मुलगा म्हणजे शहरयार खान, जे पुढे पाकिस्तानचे परराष्ट्र सचिव झाले. आबिदांनी हा प्रसंग आपल्या आत्मचरित्रात स्वतःच लिहिला आहे.

ही गोष्ट मी बायकांना सांगते तेव्हा सगळ्या खूश होतात. टाळ्या पडतात. पण एक बारकी बाब त्यात सुटून जाते. आबिदांनी रिव्हॉल्व्हर रोखलं नव्हतं, त्याच्या हाती जाईल असं टाकलं होतं. त्या रात्री गोळी झाडायची पहिली संधी त्यांनी समोरच्याला दिली. त्या जिंकल्या त्या यामुळेच, असं मला वाटतं. अर्थात त्यांच्या पाठीशी भोपाळचं अख्खं संस्थान होतं, हेही विसरून चालणार नाही. तुमच्याआमच्यासारखी कोणी असं करायला गेली असती तर दुसऱ्या दिवशी तिची बातमी वेगळीच छापून आली असती.

हे सगळं आज आठवायला कारण आहे माझी भाची, नणंदेची मुलगी. ती डॉक्टर आहे. चंबळ भागातल्या एका सरकारी दवाखान्यात तिची नेमणूक आहे आणि महिन्यातून आठ-दहा रात्रपाळ्या असतात. २०२४ च्या ऑगस्टमध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात ड्यूटीवरच्या तरुण डॉक्टर मुलीवर बलात्कार करून तिला मारलं, ते आपण सगळ्यांनी वाचलं, मेणबत्त्या लावल्या. माझ्या भाचीनं त्यानंतर बंदुकीच्या लायसन्सचा अर्ज आणला. तिच्या ड्यूटीरूमला आतून कडी नव्हती. दोनदा लेखी मागणी करूनही बसली नव्हती. रात्री दोनला रुग्णाबरोबर पंधरा माणसं येतात, त्यातल्या दोघा-तिघांच्या खांद्याला बंदूक असते. "मामी, तू स्वाध्याय करतेस, वाचतेस. मला सांग, श्राविकेनं पिस्तूल बाळगलं तर चालतं का?" असं तिनं मला विचारलं. आईला विचारलं असतं तर आई रडली असती, म्हणून मामीला विचारलं.

आमच्या कोलार रोडच्या स्वाध्याय मंडळात मी हा प्रश्न नाव न घेता मांडला. उत्तर दोन मिनिटांत आलं. पाठशाळेत आपण सगळ्यांनीच हिंसेचे चार प्रकार घोकलेले असतात. ठरवून केलेली ती संकल्पी, चूल-केरवाऱ्यात होते ती आरंभी, शेती-व्यापारात होते ती उद्योगी आणि अंगावर आलेल्याला अडवताना होते ती विरोधी. गृहस्थानं संकल्पी हिंसा सोडायची, बाकीच्या तीन जमतील तेवढ्या कमी करायच्या. तेव्हा पिस्तूल म्हणजे विरोधी हिंसा, चालतं, झालं. एका काकूंनी तर सांगून टाकलं की त्यांच्या दिरांकडे तीस वर्षांपासून लायसन्स आहे. खरंच आहे ते. सराफीत, रोकडीच्या धंद्यात असलेल्या आपल्या किती घरांत कपाटात बंदूक आहे हे आपल्याला माहीत असतं, फक्त पर्युषणात त्यावर कोणी बोलत नाही.

हे उत्तर परीक्षेत पूर्ण मार्क मिळवून देईल. पण माझं समाधान झालं नाही. विरोधी हिंसा ही प्रसंग अंगावर आल्यावर होते. पिस्तूल मात्र शांत डोक्यानं घेतात. अर्ज भरायचा, पोलीस पडताळणी, वैद्यकीय दाखला, शस्त्र चालवण्याच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र, मग कलेक्टर कचेरीच्या चकरा. त्यानंतर माणसाच्या आकाराच्या पुठ्ठ्यावर नेम धरायचा सराव. म्हणजे जो माणूस अजून समोर आलेलाच नाही त्याला मारण्याची तालीम कित्येक महिने मन करत राहतं. आचार्य अमृतचंद्रांनी पुरुषार्थसिद्ध्युपायात सांगितलं आहे की राग-द्वेष मनात उठले तिथेच हिंसा झाली, पुढे कोणी मरो की न मरो. त्याच ग्रंथात ते असंही म्हणतात की एका हिंस्र प्राण्याला मारल्यानं पुष्कळ जीव वाचतील, असा हिशोब करून त्याला मारू नये. हे वाचताना मला हसू येतं, कारण आमच्या घरापासून थोड्या अंतरावर केरवा-कलियासोतच्या जंगलात खरेखुरे वाघ आहेत आणि कधीमधी रस्त्यापर्यंत येतात. कोलार रोडवर राहून आम्ही हा श्लोक पाळतो आहोत, निदान वाघांच्या बाबतीत!

यावर कोणी म्हणेल, मग दाराला कुलूप लावणं हासुद्धा संकल्पच की. बरोबर आहे. पण कुलपाला कोणाचा जीव घेता येत नाही.

आपल्या परंपरेनं शस्त्राला तोंडच लावलं नाही असा एक गोड समज आहे, तो आधी बाजूला ठेवायला हवा. गोमटेश्वराची मूर्ती उभारणारा चामुंडराय हा गंग राजांचा सेनापती होता. श्रवणबेळगोळला आपण जातो, पाय दुखेपर्यंत डोंगर चढतो आणि खाली येऊन फोटो काढतो. तिथेच एक वीरगळ आहे साविअब्बेचा. नवऱ्याबरोबर लढाईत उतरलेली ही बाई घोड्यावर बसून, तलवार उगारून, हत्तीवरच्या माणसाला सामोरी जाते आहे असं त्यावर कोरलं आहे, आणि लेखात तिला धर्मनिष्ठ श्राविका म्हणून गौरवलं आहे. उज्जैनच्या गर्दभिल्ल राजानं साध्वी सरस्वतीला पळवून नेलं, तेव्हा तिचे भाऊ कालकाचार्य शकांना घेऊन चालून आले, ही कथा तर आपल्या माळव्यातलीच. बहीण सुटली. पण पुढचं कोणी सांगत नाही. आचार्यांनी झाल्या गोष्टीचं प्रायश्चित्त घेतलं. कारण योग्य होतं म्हणून हिंसा धुऊन निघाली, असं कथाकारांनी मानलं नाही.

या सगळ्यांत मला सर्वांत जवळचा वाटतो तो वैशालीचा वरुण. भगवतीसूत्रात त्याची गोष्ट येते. आम्ही दिगंबर ते आगम प्रमाण मानत नाही, पण गोष्टीला पंथ नसतो. मगधाचा कूणिक म्हणजे अजातशत्रू आणि वैशालीचा चेटक यांचं मोठं युद्ध चाललं होतं. खुद्द चेटकाबद्दल असं सांगतात की तो दिवसाला एकच बाण सोडायचा, तसा त्याचा नियम होता. नागाचा नातू वरुण हा व्रती श्रावक, सतत उपवास करणारा. त्याला लढाईला जायचा हुकूम झाला. त्याचा दोन दिवसांचा उपवास चालू होता, तो त्यानं तीन दिवसांचा केला आणि रथात बसला. निघताना त्यानं नेम घेतला की जो माझ्यावर आधी वार करील त्याच्यावरच मी वार करीन, दुसऱ्या कोणावर नाही.

रणात त्याच्यासारखाच एक योद्धा समोर आला. म्हणाला, मार. वरुण म्हणाला, आधी तू मार. त्यानं बाण सोडला, तो वरुणाला लागला. मग वरुणाला राग आला. हा राग सूत्रानं लपवलेला नाही, हे मला फार आवडतं. त्यानं कानापर्यंत प्रत्यंचा ओढली आणि एका बाणात समोरच्याला संपवलं. आपण आता वाचत नाही हे कळल्यावर रथ बाजूला नेला, घोडे सोडून दिले, दर्भ अंथरून पूर्वेकडे तोंड करून बसला, सगळी व्रतं पुन्हा घेतली आणि छातीतला बाण उपसून देह ठेवला.

माझ्या मते गृहस्थाच्या प्रतिकाराचा जैन नमुना म्हणून याहून नेमकी गोष्ट नाही. पळून जाऊ नकोस. आधी वार करू नकोस. आणि मारल्यावर त्याचा हिशोब स्वतःशी चुकता कर.

आता या व्रताला पिस्तुलाशेजारी ठेवून बघा. बाण लागल्यावर वरुणाला आपला बाण सोडायला वेळ मिळाला. पिस्तुलाच्या बाबतीत दुसरा वार बहुतेक वेळा नसतोच. ज्यानं आधी झाडली तो उभा राहतो. म्हणजे पिस्तूल हे हत्यारच असं आहे की ते नेमकं वरुणाचं व्रत मोडायला लावतं. आधी मार, नाहीतर मेलीस, हा त्याचा धर्म. चाकू, काठी, मिरचीपूड यांत माणूस थांबू शकतो, ओरडू शकतो, पळू शकतो. गोळी सुटली की थांबता येत नाही. मंडळातल्या दोन मिनिटांच्या उत्तरात हा फरक आलाच नव्हता, कारण चार प्रकार शिकवणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर तलवार होती.

कायदाही इथे वरुणाच्या बाजूनं नाही, आणि ते मला पटतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत, तसंच त्याआधीच्या दंड संहितेत, खासगी बचावाचा हक्क आहे. मृत्यूची, जबर दुखापतीची, बलात्काराची, अपहरणाची, अ‍ॅसिडची वाजवी भीती असेल तर हल्लेखोराचा जीव गेला तरी तो गुन्हा ठरत नाही. त्यासाठी आधी वार झेलून दाखवावा लागत नाही. भीती पुरेशी असते. अट एवढीच की लागेल त्याहून जास्त इजा करायची नाही. बायकांनी हे माहीत करून घ्यावं. पुष्कळजणी अजून असं समजतात की हात उचलला तर आपल्यालाच तुरुंग. व्रत आणि कायदा यांची मापं वेगळी असतात. कायदा मला शिक्षेपासून वाचवतो. व्रत माझं काय होतं ते विचारतं.

या देशात बंदूक जवळ ठेवणं हा हक्क असावा की मेहरबानी, यावरही बराच वाद होऊन गेला आहे. १८५७ नंतर इंग्रजांना आपल्या हातातल्या शस्त्रांची धास्ती बसली. १८७८ साली लॉर्ड लिटननं शस्त्रांचा कायदा आणला. गोऱ्यांना परवाना नको, काळ्यांना हवा. अपमान त्यात होता. म्हणून अहिंसेचा पुजारी म्हणवले गेलेले गांधीजीसुद्धा या कायद्यावर फार चिडून होते. जानेवारी १९३० मध्ये त्यांनी सरकारपुढे ज्या अकरा मागण्या ठेवल्या त्यांत मिठावरचा कर होता, दारूबंदी होती, आणि स्वसंरक्षणासाठी बंदुकीचे परवाने द्या हीही एक होती. माझ्या मैत्रिणींना हे सांगितलं की त्या विश्वासच ठेवत नाहीत. पुढच्या वर्षी कराचीच्या काँग्रेस अधिवेशनात तर शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांच्या यादीत गेला, नियमांच्या अटीवर.

मग तो घटनेत का नाही? डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत हरि विष्णू कामत यांनी तो घालावा म्हणून दुरुस्ती मांडली. हे कामत मध्यप्रांत-वऱ्हाडचे प्रतिनिधी, पुढे नर्मदेकाठच्या होशंगाबादमधून लोकसभेत गेले, म्हणजे आमच्या शेजारचेच. त्यांनी कराचीच्या ठरावाची आठवण करून दिली. डॉ. आंबेडकरांनी विरोध केला. त्यांच्या म्हणण्याचा मतलब असा की परक्या सरकारनं हत्यारं हिसकावली होती तेव्हा ती मागणी रास्त होती. आता हा सरसकट हक्क दिला तर चोर-दरोडेखोरही तोच हक्क सांगत येतील. दुरुस्ती पडली. आपल्या घटनेत सभा भरवण्याचा हक्क आहे तोही 'विनाशस्त्र' या शब्दासह. ज्या माणसाच्या समाजाला शतकानुशतकं मार खावा लागला, त्यानं प्रत्येकाच्या हाती बंदूक द्यायला नकार दिला, याचा मी पुष्कळ विचार करते. बंदूक सगळ्यांना मिळाली की ती आधी कोणाकडे जमा होते, हे त्यांना ठाऊक असणार.

चंबळनं ते दाखवूनच दिलं. २०१६ च्या अखेरीस मध्य प्रदेशात अडीच लाखांच्या आसपास बंदुकीचे परवाने होते, महाराष्ट्रात ८४ हजार. महाराष्ट्राची लोकसंख्या आमच्यापेक्षा किती जास्त, ते तुम्हाला माहीतच आहे. भिंड-मुरैना-ग्वाल्हेरकडे बंदूक म्हणजे मंगळसूत्र किंवा पगडी असावी तशी प्रतिष्ठेची वस्तू. म्हणून अधिकाऱ्यांनीही तिचा लोभ वापरला. २००८ साली शिवपुरीत नसबंदी करून घेणाऱ्याला परवान्यात झुकतं माप द्यायची योजना निघाली. २०१९ मध्ये ग्वाल्हेरला अर्जदारानं दहा झाडं लावावीत असा फतवा निघाला, नंतर गोशाळेला कांबळी द्यावीत असाही. जीवदया करा आणि बंदूक न्या! आपल्या समाजातल्या कोणी तिथे कांबळी दिली असतील तर त्यांच्या पुण्याचा हिशोब कसा लावायचा, हे मुनिमहाराजांनाच विचारायला हवं.

तिथल्या बागींपैकी कोणी स्वतःला डाकू म्हणवत नसे. जमिनीचा तंटा, भाऊबंदकी, पोलिसांची दहशत, आणि जीव वाचवायला घेतलेली पहिली बंदूक, हीच सुरुवात त्यांतले बहुतेक सांगत. आपल्या कुलाब्याकडचे विनोबा मे १९६० मध्ये त्या बेहडांत पायी गेले. फाशीची शिक्षा झालेल्या तहसीलदार सिंगनं तुरुंगातून त्यांना पत्र लिहिलं होतं. वीस बागींनी विनोबांपुढे हत्यारं ठेवली, त्यांत लुक्का दुर्बिणीची रायफल घेऊन आला. (हेच विनोबा पुढे समणसुत्तं हा सर्व जैन पंथांना मान्य ग्रंथ व्हावा म्हणून मागे लागले, आणि १९८२ च्या दिवाळीला, महावीर निर्वाणाच्या दिवशी, अन्नपाणी सोडून गेले. आपल्या समाजानं त्यांची आठवण फारशी ठेवली नाही याचं मला वाईट वाटतं.) आणि फूलन देवी. तिच्यावर झालेल्या अत्याचारांपुढे तिनं बंदूक उचलली यात तिला दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही. कोलार रोडवरच्या सोसायटीत, गेटवर चौकीदार बसवून, मी कोण तिला अहिंसा शिकवणार? पण ती बंदूक तिच्या बचावापाशी थांबली नाही. १४ फेब्रुवारी १९८१ ला बेहमईत वीस माणसं मारली गेली आणि तो आरोप तिच्या टोळीवर आला. १९८३ मध्ये भिंडला तिनं रायफल खाली ठेवली. २००१ मध्ये दिल्लीत खासदार असताना तिला तिच्याच दारात गोळ्या घातल्या, तेव्हा तिच्याबरोबर सशस्त्र अंगरक्षक होता.

बायकांसाठी म्हणून सरकारी कारखान्यानं एक रिव्हॉल्व्हरसुद्धा काढलं होतं, २०१४ च्या जानेवारीत. दिल्लीच्या निर्भयाच्या नावावरून त्याला 'निर्भीक' म्हटलं. वजन जेमतेम अर्धा किलो, किंमत सव्वा लाखाच्या आसपास, आणि दागिन्यांची पेटी असते तशा मरून खोक्यात ठेवून विकायला. त्या खोक्याचा मला अजून राग येतो. त्याच्या साधारण वर्षभर आधी रस्त्यावर दिवे, बसमध्ये पोलीस, तक्रार घेणारं ठाणं यांसाठी मुली दिल्लीत थंडीत पाणी अंगावर घेत उभ्या होत्या. त्यांना उत्तर काय मिळालं, तर सव्वा लाख असतील तर स्वतःचं बघा. ज्या मुली बसनं जातात त्यांच्याकडे सव्वा लाख नसतात.

शस्त्र घरात आलं की ते कोणाच्या हाती जातं, हा आपल्या आचार्यांचा जुना प्रश्न. समंतभद्रांनी रत्नकरंडात अनर्थदंडाचे पाच प्रकार सांगितले, त्यांतला एक हिंसादान, म्हणजे तलवार, फरशी, आयुधं दुसऱ्याच्या हाती देणं. कपाटातल्या पिस्तुलाबद्दल हे दान रोज नकळत चालू असतं. पोराला किल्ली सापडते. नैराश्यात गेलेल्या नवऱ्याला सापडते. अमेरिकेत आर्थर केलरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ आणि १९९३ मध्ये असे अभ्यास प्रसिद्ध केले. ज्या घरात बंदूक त्या घरात आत्महत्येचा धोका जवळपास पाचपट, आणि घरात खून होण्याचा अडीचपटीहून जास्त, तोही बहुतेक वेळा घरच्या किंवा ओळखीच्या माणसाकडून. त्या अभ्यासांवर टीकाही झाली. पण ज्यांच्या लेकी-सुना तिकडे आहेत त्यांना हा विषय परका नाही. शेजारी जेवायला बोलावतात तेव्हा मूल पाठवण्याआधी तुमच्या घरी बंदूक आहे का, असं विचारावं लागतं म्हणे.

हे सगळं मी भाचीला सांगितलं. एकदम नाही, तीन-चार रात्री फोनवर. तिनं शांतपणे ऐकलं. बंदुकीची माहिती तिला माझ्याहून जास्त आहे. लग्नसराईत 'हर्ष फायरिंग'च्या जखमा तीच शिवते. २०१९ च्या दुरुस्तीनं त्याला दोन वर्षांपर्यंत कैद ठेवली आहे, तरी वरातीत गोळ्या सुटतातच. एकदा तिनं नवरदेवाच्या नऊ वर्षांच्या भावाच्या मांडीतून छर्रे काढले.

मी तिला विचारलं, रात्री तू झोपलेली असशील, पिस्तूल उशाखाली असेल, तर ते आधी कोणाच्या हाती लागेल? कुलपात ठेवलंस तर काढेपर्यंत काय? आणि दवाखान्यात ज्या दिवशी डॉक्टरीणबाईंच्या पर्समध्ये पिस्तूल आहे हे कळेल, त्या दिवसापासून समोरचा हात उगारण्याऐवजी बंदूकच उगारून आत येईल. माझं मत मी सरळ सांगितलं. घेऊ नकोस. कडी माग, दिवा माग, रात्री दुसरी बाई सोबत माग, शिपाई माग, नाही मिळालं तर बदली माग, नोकरी सोड. वरुणाची गोष्टही सांगितली.

ती म्हणाली, "मामी, वरुण लढाईला गेला होता. मी ड्यूटीला जाते."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही. मरायची तयारी करून रथात बसणारा योद्धा आणि स्टेथोस्कोप गळ्यात घालून ओपीडीत बसणारी सव्वीस वर्षांची मुलगी, यांना एकच व्रत लावायचं का? व्रत स्वतः घ्यायचं असतं, दुसऱ्याला घालायचं नसतं. 'आधी तू मार' हे वरुण स्वतःबद्दल म्हणाला. त्यानं ते कोणाच्या लेकीला सांगितलं नव्हतं. माझं मत बदललेलं नाही. पण त्या मताचं ओझं कोणत्या खांद्यावर आहे हे मला कळतं. उद्या तिला काही झालं तर घेऊ नकोस म्हणणारी मीच असेन, आणि मी इथे, कोलार रोडवर, दाराला तीन कड्या लावून झोपलेली असेन.

एक आणखी सांगते, कारण ते अनुभवातून आलं आहे. आपल्या माळव्यात तेराव्या शतकात पंडित आशाधर होऊन गेले. शहाबुद्दीन घोरीच्या फौजा आल्या तेव्हा ते राजस्थानातल्या मांडलगडहून कुटुंबासह निघाले, आधी धारेला आणि मग नालछ्याला येऊन राहिले. म्हणजे तलवारीपासून जीव वाचवून आलेला माणूस. सागारधर्मामृत हा गृहस्थाच्या आचाराचा ग्रंथ त्यांनी लिहिला. शस्त्राची भीती काय असते हे त्यांना कोणी शिकवायला नको होतं. त्यांच्याही गावात तेव्हा राजा होता, कोतवाल होता, आणि रक्षण हे राजाचं काम होतं. त्यांच्याआधी सोमदेवसूरींनी दहाव्या शतकात यशस्तिलकात लिहिलं तेही राजांसाठीच होतं की समोर शस्त्र घेऊन उभा असेल त्याच्यावरच शस्त्र चालवावं, दीनदुबळ्यांवर नाही. श्रावकानं आपापलं हत्यार घेऊन हिंडावं अशी वेळ येणं, म्हणजे राजानं आपलं काम सोडलं. भाचीच्या अर्जातही एक रकाना आहे, शस्त्र कशासाठी हवं. तिनं तिथे 'ड्यूटीरूमला कडी नाही' असं लिहिलं होतं. मी हसले, मग लक्षात आलं की ती हे गमतीनं लिहीत नव्हती.

तो रकाना तसाच ठेव आणि त्याची प्रत वरच्या कचेरीला पाठव, असं मी तिला सुचवलं. तिनं पाठवली. आमच्या मंडळातल्या बायकांनीही सह्या केल्या, ज्यांनी दोन मिनिटांत चालतं म्हटलं होतं त्यांनीसुद्धा. दीड महिन्यानं ड्यूटीरूमला कडी बसली, बाहेर एक दिवा लागला. रात्रीची दुसरी बाई अजून मिळालेली नाही. अर्ज तिनं मागे घेतलेला नाही.